सामाईक विहीर आणि बाभळीचे चौदा दरवाजे

 

आजचा विषय नावाने जड आहे: सत्तेची वाटणी. दिल्लीने काय ठरवायचं, मुंबईने काय, जिल्हा परिषदेने काय आणि आपल्या ग्रामपंचायतीने काय? देशांच्याही वर कोणी असतं का? विषय जड वाटला तरी त्याची गोष्ट आपल्या दारातली आहे. ती पाण्याची गोष्ट आहे.

चार भाऊ वेगळे निघाले की घर वाटता येतं, भांडी वाटता येतात, जमिनीत बांध घालता येतो. विहीर कशी वाटणार? मग सातबाऱ्यावर सामाईक विहीर अशी नोंद होते आणि पाण्याची पाळी ठरते. आज याची मोटर, उद्या त्याची. पाळी ठरली नाही किंवा कुणी ती मोडली तर काय होतं, हे भावकीत नांदलेल्या बाईला वेगळं सांगायला नको. १९५६ साली आपल्या मुलखाची अशीच वाटणी झाली. घर होतं हैदराबाद राज्य आणि विहीर होती गोदावरी.

एक घर होतं तेव्हा

नांदेड, निजामाबाद, बिदर, उस्मानाबाद हे सगळे जिल्हे निजामाच्या एकाच राज्यात होते. घरात मराठी, तेलुगू, कानडी, कचेरीत उर्दू. सत्ता एकाच माणसाच्या हाती. आपल्या बीड जिल्ह्यात उगम पावणाऱ्या मांजरा नदीवर निजामाने निजामसागर धरण बांधलं. १९२३ साली काम सुरू झालं, १९३१ साली पुरं झालं. वरच्या गावांना विचारायचा प्रश्नच नव्हता. दोन्हीकडची गावं त्याचीच, हुकूमही त्याचाच. भांडण नव्हतं, कारण भांडायची जागाच नव्हती. रयतेने फक्त ऐकायचं होतं.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला, पण निजामाला भारतात यायचं नव्हतं. त्याने आपली तक्रार थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नेली. १६ सप्टेंबर १९४८ रोजी तिथे ती चर्चेला आली आणि दुसऱ्याच दिवशी, १७ सप्टेंबरला, निजाम शरण आला. आपण दरवर्षी मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो तो हाच दिवस. म्हणजे बघा, आपल्या मुलखाचं भवितव्य कुणी ठरवायचं हा वाद एकदा सातासमुद्रापार जाऊन आलेला आहे.

वाटणी झाली

पुढे भाषेप्रमाणे राज्यं करायचं ठरलं आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. तेलुगू भाग आंध्र प्रदेशात गेला, कानडी भाग म्हैसूर राज्यात गेला, मराठवाडा आला मुंबई राज्यात. १ मे १९६० पासून आपण महाराष्ट्रात आहोत.

रेघ ओढताना तालुकेही इकडचे तिकडे झाले. नांदेड जिल्ह्यातला मुधोळ-भैंसाचा भाग आणि देगलूर तालुक्यातली बिचकुंदा, जुक्कल ही मंडळं आंध्रात गेली. आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट तालुका आपल्याकडे आला. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर तेव्हा बिदर जिल्ह्यात होते, तेही मराठवाड्यात आले. लातूर जिल्हा तर तेव्हा नव्हताच. तो उस्मानाबादमधून १६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. म्हणून तर आजही सीमेवरच्या गावांत सून बिदरची आणि जावई निजामाबादचा अशी घरं सापडतात. रेघ कागदावर पडली, सोयरीक तुटली नाही.

नदीही तुटली नाही. गोदावरी नाशिकहून निघते, पैठण, नांदेड करत धर्माबादच्या पुढे तेलंगणात जाते. मांजरेची वाट तर आणखी वाकडी. बीड, लातूर, मग बिदर, मग तेलंगण, आणि पुन्हा नांदेडच्या सीमेला लागून गोदावरीला मिळते. जी नदी कालपर्यंत एका घरातली होती, ती आता तीन राज्यांची झाली. इथून पाळीचा प्रश्न सुरू झाला.

पाळी कोणी ठरवायची?

आपल्या राज्यघटनेने पाण्याचा विषय मुळात राज्याकडे दिला आहे. धरण, कालवे, पाणीपुरवठा हे राज्याचं काम. पण नदी दोन राज्यांतून वाहत असेल तर? त्यासाठी कायदा करण्याचा अधिकार घटनेने केंद्राला दिला. वरच्या राज्याच्या हातात दरवाजा असतो आणि खालच्याच्या हातात काहीच नसतं, म्हणून मध्ये तिसरा कुणी लागतो. त्याच १९५६ साली संसदेने आंतरराज्य नदी पाणीतंट्यांचा कायदा केला. राज्यांचं आपसांत जमलं नाही तर केंद्राने लवाद नेमायचा, असा तो कायदा.

१९६३ साली आपल्या सीमेच्या खाली पोचमपाड इथे पंडित नेहरूंनी मोठ्या धरणाचा पाया घातला. तेच आजचं श्रीरामसागर. त्याचं पाणी अडणार ते वरून, म्हणजे नांदेडकडून येणारं. महाराष्ट्र, आंध्र, कर्नाटक, मध्य प्रदेश आणि ओरिसा ही पाच राज्यं गोदावरीच्या पाण्यावर हक्क सांगत होती. १९६९ साली न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला गेला.

त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. लवादाचं काम चालू असतानाच राज्यांनी समोरासमोर बसून करार केले. ६ ऑक्टोबर १९७५ रोजी महाराष्ट्र आणि आंध्र यांचं ठरलं की पैठणपर्यंतचं गोदावरीचं आणि सिद्धेश्वरपर्यंतचं पूर्णेचं पाणी महाराष्ट्राने वापरावं, आणि त्याच्या खाली पोचमपाडपर्यंतच्या खोऱ्यात महाराष्ट्राने नव्या कामांसाठी जास्तीत जास्त ६० टीएमसी पाणी वापरावं. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट; लिटरमध्ये सांगायचं तर एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. लवादाने १९८० साली अंतिम निवाडा दिला, त्यात हे करार जसेच्या तसे घेतले.

बाभळीचं भांडण

या ६० टीएमसीच्या हक्कातून महाराष्ट्राने धर्माबाद तालुक्यात बाभळी इथे बंधारा बांधायला घेतला. क्षमता २.७४ टीएमसी, दरवाजे चौदा. पावसाळ्यानंतर नदीपात्रात पाणी थांबावं, परिसरातल्या गावांना प्यायला आणि पिकांना मिळावं, एवढाच हेतू.

पण ही जागा पोचमपाडच्या फुगवट्यात येते. पोचमपाडचं पाणी मागे जिथवर पसरतं, तिथेच हा बंधारा. आंध्रचं म्हणणं पडलं, हा तर आमच्या टाकीत नळ बसवण्याचा प्रकार झाला. उन्हाळ्यात आमचं पाणी ओढून घेतलं तर खालच्या शेतकऱ्यांनी काय करायचं? आपण वरचे आहोत म्हणून त्यांची भीती खोटी ठरत नाही. पैठणच्या वर नाशिक-नगरची धरणं भरून घेतली की आपण हेच बोलतो ना?

२००६ साली आंध्र सर्वोच्च न्यायालयात गेला. २००७ साली न्यायालयाने सांगितलं, बांधकाम करा, पण दरवाजे बसवू नका. भिंत उभी राहिली आणि पाणी मधून वाहत राहिलं. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल लागला. महाराष्ट्राचा बंधारा करारात बसतो, असं न्यायालयाने मान्य केलं आणि पाळी ठरवून दिली. ती अशी:

१ जुलै ते २८ ऑक्टोबर सगळे दरवाजे वर उचललेले राहतील. पावसाळ्याचं पाणी अडवायचं नाही. २९ ऑक्टोबरपासून जूनअखेरपर्यंत महाराष्ट्र २.७४ टीएमसीपर्यंत पाणी वापरेल. त्यातला ०.६ टीएमसीचा भाग दोन्ही धरणांच्या सामाईक फुगवट्यातला, म्हणून दरवर्षी १ मार्चला तेवढं पाणी खाली सोडायचं. आणि हे नीट होतं की नाही हे बघायला तीन जणांची समिती: एक महाराष्ट्राचा, एक आंध्रचा आणि अध्यक्ष केंद्रीय जल आयोगाचा. २०१४ साली तेलंगण वेगळं झालं. आता बंधाऱ्याच्या खाली शेजारी आहे तेलंगण.

यात आपलं दुखणंही आहे. तारीख कागदावर पक्की, पाऊस मात्र तारीख पाळत नाही. पावसाने सप्टेंबरात पाठ फिरवली तर २९ ऑक्टोबरला दरवाजे पडतात तेव्हा नदीची धार बारीक झालेली असते. मग बंधारा आहे, दरवाजे आहेत, आणि अडवायला पाणी थोडं. हे बदलायचं तर एकट्या नांदेडने, एकट्या मुंबईनेही बदलता येत नाही. समोरच्याला पटवावं लागतं. वाटून घेतलेल्या सत्तेची ही किंमत आहे. निजामाच्या काळी एका हुकमाने धरण होत होतं, पण त्या हुकमाला कुणी आडवंही जाऊ शकत नव्हतं. आज उशीर होतो, पण वरच्याचं आणि खालच्याचं, दोघांचं ऐकून घेतलं जातं.

देशांच्या वर कोण?

दोन राज्यं भांडली तर वर दिल्ली आहे, न्यायालय आहे. दोन देश भांडले तर? वर कुणीच नसतं. त्यांना आपसांतच पंच उभा करावा लागतो. भारत आणि पाकिस्तान यांचा सिंधू पाणीवाटपाचा करार १९६० साली जागतिक बँकेच्या मध्यस्थीने झाला. तो तीन युद्धांत टिकला. २०२५ साली भारताने तो स्थगित ठेवला. युरोपात डॅन्यूब नावाची नदी दहा देशांतून वाहते. तिच्या खोऱ्यातले चौदा देश आणि युरोपीय संघ यांनी मिळून एक आयोग केला आहे. नदीची स्वच्छता, पूर यांचा विचार ते एकत्र करतात. हे देश एकेकाळी एकमेकांवर तोफा डागत होते. म्हणजे भावकीचं वैरही पाळी ठरवून निवतं.

आणि खाली कोण?

लातूरकरणींना २०१६ सांगायला नको. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या गाडीला दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी, सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून. रेल्वे केंद्राची, कृष्णेचं पाणी राज्याच्या ताब्यातलं, वाटप महापालिकेकडे. तिघांनी हात लावला तेव्हा घागर भरली. एकाने जरी हात आखडता घेतला असता, तरी गाडी हलली नसती.

मात्र घटनेने चौथा हातही दिला आहे, आणि तो आपला आहे. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. तिने गावाकडे सोपवता येतील असे २९ विषय सांगितले. पिण्याचं पाणी, लहान सिंचन, पाणलोटाची कामं त्यातच आहेत. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असा कायदा आहे. गावाच्या पाणीपुरवठा समितीत निम्म्या बायका असाव्यात, असा नियम आहे. जलजीवन मिशनच्या नळाला अर्धा पैसा केंद्राचा, अर्धा राज्याचा, आणि गावातल्या कामासाठी लोकवर्गणी. माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचं हे त्या योजनेचं वचन आहे.

तेव्हा पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की अर्धा तास काढा. गावात पाण्याचा जो अडथळा असेल तो घ्या आणि विचारा, हे कोणाच्या हातात आहे? नळाला पाणी माणशी ५५ लिटर येतं का, हा प्रश्न ग्रामपंचायतीला. कालव्याचं आवर्तन कधी, हा पाटबंधारे खात्याला. बाभळीची तारीख बदलायची का, हा आमदार-खासदाराला, कारण ते दोन राज्यांचं आणि न्यायालयाचं काम आहे. चुकीच्या दारात धरणं धरलं तर दिवस वाया जातो. महिला सभा न घेताच रजिस्टरवर अंगठे आले असतील तर ते दार मात्र गावातलंच आहे. तिथे आधी जा.

सामाईक विहिरीवर ज्याला आपली पाळी माहीत असते, त्याचंच शेत भिजतं. आपली पाळी ओळखा, सख्यांनो, आणि ती चुकवू नका.