फळी-मांडणी (प्रतिरूप रेल्वे)

भिंतीलगतच्या अरुंद फळ्यांवर उभारलेली प्रतिरूप रेल्वे. अमेरिका व कॅनडातील घरांच्या तळघरांत ती विशेष आढळते. फळीची रुंदी साधारणतः ३० ते ६० सेंमी. असते. एचओ प्रमाणात (१:८७, रुळांतील अंतर १६.५ मिमी.) गाडी पूर्ण वळवणारे वर्तुळ एवढ्या जागेत मावत नाही. त्यामुळे मार्ग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो आणि कारखान्यांच्या सायडिंगवर वाघिणी लावण्या-काढण्याचे शंटिंग हाच खेळाचा गाभा ठरतो. खऱ्या रेल्वेच्या कामाची जाण यातून जितकी येते, तितकी गोल फिरणाऱ्या गाडीतून येत नाही.

बांधणीपूर्वी तळघरातील ओल काढणे अत्यावश्यक असते. दमट हवेत लाकूड फुगते, कोरड्या हिवाळ्यात आकसते आणि रूळ वाकतात. म्हणून आर्द्रताशोषक यंत्र लावतात आणि रुळांच्या काही सांध्यांत बारीक फट ठेवतात. भिंतीत पक्क्या बसवलेल्या ब्रॅकेटांवर प्लायवूड, त्यावर फोमचा तक्ता, मग कॉर्कची पट्टी व रूळ असा क्रम असतो. सांध्यांच्या पट्ट्या कालांतराने सैल होऊन रुळांतून गाडीला मिळणारी वीज खंडित होते. यासाठी प्रत्येक रुळाच्या बाहेरील कडेला तांब्याची बारीक तार डाख देऊन जोडतात आणि ती फळीखालच्या जाड मुख्य तारेला नेतात. फळी छातीच्या उंचीवर असल्यास गाडी नजरेच्या जवळपास येते. मागच्या भिंतीवर आकाश रंगवतात, कोपरे गोलसर करतात. इयन राइस यांचे या विषयावरील पुस्तक २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.