हालचालीचे प्रमाण : सीएसएस अ‍ॅनिमेशन आणि ब्राउझरभेदाचा इतिहास

वेबपेजचा मजकूर आणि त्याचे रूप ही दोन अंगे परस्परांपासून वेगळी ठेवावीत, हा विचार होकॉन व्यूम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत असताना मांडला, आणि त्यातून बर्ट बॉस यांच्या सहकार्याने घडलेली सीएसएस ही रूपवर्णनाची भाषा डिसेंबर १९९६ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने प्रमाण म्हणून जाहीर केली. या पहिल्याच प्रमाणात असा नियम होता की, ब्राउझरला जी आज्ञा समजणार नाही ती त्याने मुकाट्याने वगळावी आणि पुढचा भाग वाचत जावा. भाषेत नव्या आज्ञा आल्या तरी जुने ब्राउझर कोलमडू नयेत, यासाठी केलेली ही तरतूद दूरदृष्टीची होती, आणि वेब आजवर टिकला त्यात तिचा वाटा फार मोठा आहे. मात्र तिच्यामुळेच बिघाडाला वाचा उरली नाही. तेच पान एका ब्राउझरमध्ये हलते, दुसऱ्यात निश्चल राहते, आणि हालचाल का झाली नाही याविषयी वाचणाऱ्याला सूचना मिळत नाही, ही स्थिती याच नियमातून निर्माण झाली.

आरंभीच्या काळात हालचाल हा सीएसएसचा विषयच नव्हता. ती हवी असल्यास जिफ प्रकारची चित्रे, फ्लॅश हा वेगळा बसवावा लागणारा जोडप्रोग्राम, किंवा काही मिलिसेकंदांच्या अंतराने वस्तूची जागा बदलत राहणारी जावास्क्रिप्ट यांचा आधार घ्यावा लागे. अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरचे इंजिन, म्हणजे पानाचे वर्णन वाचून ते पडद्यावर उमटवणारा गाभा, वेबकिट या नावाने ओळखले जाते. त्यावर काम करणाऱ्या मंडळींनी २००७ पासून हालचालीची भाषा सीएसएसमध्ये आणण्यास आरंभ केला. ज्या आयफोनवर फ्लॅश चालत नव्हते तो याच वर्षी बाजारात आला, हे लक्षात घेतले की या प्रयत्नामागची निकड कळते. मार्च २००९ मध्ये डीन जॅक्सन, डेव्हिड हायट आणि ख्रिस मॅरिन यांच्या संपादनाखाली अ‍ॅनिमेशनचा पहिला मसुदा कन्सोर्टियमपुढे आला. त्यातील कीफ्रेम ही कल्पना व्यंगचित्रपटांच्या स्टुडिओतून आली होती. तेथे मुख्य चित्रकार हालचालीतील मोजक्या निर्णायक स्थिती रेखाटत आणि मधली चित्रे साहाय्यक भरून काढत. सीएसएसमध्ये निर्णायक स्थिती पान लिहिणारा सांगतो आणि मधल्या स्थिती ब्राउझर स्वतः काढतो.

मसुदा पक्का होण्यापूर्वी प्रयोग करता यावेत, यासाठी प्रत्येक निर्मात्याने आपल्या नव्या आज्ञांपुढे स्वतःचे चिन्ह लावण्याची प्रथा होती. वेबकिटचे चिन्ह 'वेबकिट', मोझिलाचे 'मोझ', ऑपेराचे 'ओ' आणि मायक्रोसॉफ्टचे 'एमएस' असे होते, आणि या चिन्हांना व्हेंडर प्रीफिक्स म्हणत. अपेक्षा अशी होती की प्रीफिक्स लावलेली आज्ञा ही कच्ची मानली जाईल, चालत्या संकेतस्थळांवर ती कोणी वापरणार नाही, आणि प्रमाण ठरल्यावर ती गळून पडेल. ही अपेक्षा मानवी व्यवहाराला धरून नव्हती. ज्यांना काम पूर्ण करून द्यायचे होते त्यांनी उपलब्ध साधन वापरले, आणि आयफोन व अँड्रॉइड या दोहोंचे ब्राउझर वेबकिटवरच उभे असल्यामुळे मोबाइलसाठी लिहिलेली असंख्य पाने केवळ 'वेबकिट' चिन्हाच्या आज्ञांनी भरली. जून २०११ मध्ये फायरफॉक्सच्या पाचव्या आवृत्तीने आणि पुढील वर्षी ऑपेराच्या बाराव्या आवृत्तीने अ‍ॅनिमेशन आत्मसात केले. तरीही ही पाने त्यांच्यात हलत नव्हती, कारण दुसऱ्याचे चिन्ह असलेली आज्ञा वगळणे हेच नियमाला धरून होते.

या काळातील दुरुस्तीचे काम कष्टाचे होते. एकाच हालचालीच्या कीफ्रेम चार-चार वेळा लिहाव्या लागत, आणि त्या एका ओळीत एकत्र गुंफता येत नसत, कारण नियमाच्या मथळ्यात एक अनोळखी चिन्ह आले की ब्राउझर तो संपूर्ण नियमच टाकून देई. वस्तू फिरवणारी किंवा सरकवणारी ट्रान्सफॉर्म ही आज्ञा कीफ्रेमच्या आत असेल, तर तिलाही त्या-त्या चिन्हाची जोड द्यावी लागे. ही आतली जोड विसरली गेली की बाकी सारे बिनचूक असूनही वस्तू जागची हलत नसे. चिन्हरहित आज्ञा सर्वांत शेवटी लिहिण्याचा प्रघातही तेव्हाच रुजला, कारण सीएसएसमध्ये समान वजनाच्या आज्ञांपैकी शेवटची ग्राह्य धरली जाते. हे पुनरावृत्तीचे ओझे हलके करण्यासाठी लिआ वेरू यांनी २०११ मध्ये प्रीफिक्स-फ्री आणि आंद्रेई सित्निक यांनी २०१३ मध्ये ऑटोप्रीफिक्सर ही साधने तयार केली. या दोन साधनांनी अगणित लोकांचे श्रम वाचवले, आणि वेबच्या इतिहासात त्यांना ब्राउझरांच्या बरोबरीने स्थान मिळायला हवे.

फेब्रुवारी २०१२ मध्ये मोझिला, मायक्रोसॉफ्ट आणि ऑपेरा यांनी 'वेबकिट' चिन्हाच्या आज्ञा आपणही मानणार असल्याचे सूचित केले, तेव्हा सीएसएस कार्यगटाचे सहअध्यक्ष दानिएल ग्लाझमन यांनी वेब लिहिणाऱ्या सर्वांना जाहीर आवाहन केले की पाने एकाच इंजिनासाठी लिहू नयेत. त्यांची भीती खरी ठरली. २०१३ मध्ये ऑपेराने आपले प्रेस्टो हे स्वतंत्र इंजिन सोडून दिले, आणि फायरफॉक्सला २०१६ मधील एकोणपन्नासाव्या आवृत्तीत 'वेबकिट' चिन्हाच्या अनेक आज्ञा अखेर मान्य कराव्या लागल्या. यात अन्याय असा की, चिन्हरहित प्रमाण अ‍ॅनिमेशन फायरफॉक्सने आणि इंटरनेट एक्स्प्लोररच्या दहाव्या आवृत्तीने २०१२ मध्येच स्वीकारले होते, तर क्रोम आणि सफारी तेथपर्यंत २०१५ मध्ये पोहोचले. म्हणजे प्रमाण आधी पाळणाऱ्यांवरच पाने मोडल्याचा ठपका येत राहिला. गूगलने एप्रिल २०१३ मध्ये वेबकिटपासून वेगळे काढलेल्या ब्लिंक या इंजिनाने मात्र नवे प्रीफिक्स न आणण्याचे आणि कच्च्या गोष्टी वापरकर्त्याने मुद्दाम चालू कराव्या लागणाऱ्या कळीमागे ठेवण्याचे धोरण घेतले. झालेल्या नुकसानीतून घेतलेला हा सर्वांत शहाणा निर्णय होता.

चिन्हांचा प्रश्न ओसरल्यावर अर्थभेदाचे बिघाड उरले, आणि ते ओळखणे अधिक कठीण होते. एसव्हीजी या रेषाचित्रांच्या भाषेत काढलेले चाक फिरवताना फिरण्याचा मध्यबिंदू टक्केवारीत दिला, तर क्रोम ती टक्केवारी चाकापुरती मोजत असे आणि फायरफॉक्स संपूर्ण चित्राच्या चौकटीवर मोजत असे. त्यामुळे तेच चाक क्रोममध्ये स्वतःभोवती फिरे, तर फायरफॉक्समध्ये चित्रभर भटके. प्रमाणाला धरून वागत होते ते फायरफॉक्स, पण पाहणाऱ्याला दोष त्याचाच वाटे. मध्यबिंदू पिक्सेलमध्ये देणे हा त्यावरचा जुना उपाय होता. टक्केवारी कशावर मोजायची हे स्पष्ट सांगणारी ट्रान्सफॉर्म-बॉक्स ही आज्ञा फायरफॉक्समध्ये २०१७ साली व क्रोममध्ये २०१८ साली आली.

अलीकडचे उदाहरण लेखकाने स्वतः नाव दिलेल्या चलमूल्यांचे आहे. अशा चलमूल्याचा प्रकार, म्हणजे ते कोन आहे, लांबी आहे की रंग, हे ब्राउझरला ठाऊक नसेल तर मधल्या स्थिती काढता येत नाहीत, आणि फिरणारी रंगछटा निम्म्या वाटेवर एकदम उडी मारते. प्रकार नोंदवण्याची प्रॉपर्टी या नावाची आज्ञा क्रोममध्ये २०२० साली, सफारीत २०२३ साली आणि फायरफॉक्समध्ये जुलै २०२४ मध्ये दाखल झाली. त्या मधल्या वर्षांत दुरुस्ती करणारे रंगछटा स्थिर ठेवत आणि ती धारण करणारा घटकच फिरवत, कारण घटक फिरवणे तिन्ही इंजिनांना सारखेच कळत होते.