ताडीचे पीठ आणि सोड्याचे पीठ

सुरतेस उधना-पांडेसऱ्याच्या बाजूला बमरोली आहे. मागांच्या आणि गिरण्यांच्या कामासाठी खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे या भागात स्थिरावली आहेत. तेथे एका स्नेह्याकडे आम्ही उतरलो असता घरच्या वहिनींनी केकचे पीठ दह्यासोड्यात कालवून डबा गल्लीतील भट्टीवर पाठविला. भट्टीवर नानकटाईच्या पत्र्यांची रांग. डब्याची पाळी यावयास दोन तास लागले. केक परत आला तो भाकरीसारखा बसलेला. वहिनींनी दोष भट्टीवाल्यास दिला, भट्टीवाल्याने पिठास. आणि घरात वकील आहे म्हटल्यावर निवाडा आमच्याकडे आला.

या खटल्यातील पहिला साक्षीदार फार जुना आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी डचांनी सुरतेस वखार घातली. तेथील पाव ताडीने फुगवीत. 1825 च्या सुमारास डच सुरत सोडून गेले, तेव्हा त्यांची भट्टी फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी गृहस्थांकडे आली, असे त्या घराण्याची परंपरा सांगते. गिऱ्हाईक घटले, पाव उरू लागले. पण ताडीचा पाव लवकर न नासता वाळत असे, आणि वाळलेला पावच लोकांना आवडू लागला. सुरतेची नानकटाईही याच भट्टीची, अशी आख्यायिका आहे. आमच्या गोमंतकीय वाचकांस यात नवल वाटणार नाही. माडाच्या सुरेवर फुगलेला पोदेराचा पाव आणि सान्नां यांची चव त्यांच्या घरोघरी ठाऊक आहे.

ताडी काय, सूर काय, त्यांतील किण्व जिवंत असते. ते साखर खात राहते आणि तासन्‌तास वायू सोडीत राहते. म्हणून असे पीठ रात्रभर झाकून ठेवावे लागते. थांबणे हाच त्याचा पाक. सोड्याचे तसे नाही. दह्याची आंबटाई मिळताच तो आपला वायू बहुतांशी तत्काळ सोडतो. बुडबुडे पातेल्यातच वर येऊन फुटतात. भट्टीच्या वाट्यास काही उरत नाही. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्याने 1843 साली बेकिंग पावडर बनविली, ती पत्नीस किण्व सोसत नसे म्हणून. पुढे अशीही पावडर निघाली की जिचा काही अंश ओल लागताच आणि बाकीचा उष्णता लागल्यावरच जागा होतो. तिचे पीठ अर्धापाऊण तास, थंड जागी त्याहून थोडे अधिक, दम धरते. दोन तासांची रांग तिलाही जड जावी.

मग सुरतेने धीराची ताडी सोडून उतावळा सोडा का धरला? सोय हे एक कारण खरेच. परंतु आमच्या मते यात कायद्याचाही हात आहे. मुंबई इलाख्याच्या 1878 च्या अबकारी कायद्याने ताडीच्या झाडावर कर आणि छेदण्यावर परवाना आला. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ‘मद्य’ शब्दाच्या व्याख्येत ताडी नाव घेऊन घातली. 1951 साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांना मोकळीक दिली. अत्तराच्या पाण्याचा कैवार घेणारे कोणी निघाले, ताडी मात्र मद्यच राहिली. भट्टीच्या आचेत तिचा मद्यांश उडून जातो खरा, पण व्याख्या द्रव पाहते, पाव पाहत नाही. 1960 साली गुजरात वेगळा झाला तेव्हा हा कायदा त्याच्या वाट्यास गेला आणि तेथे तो टिकला. गोमंतक या कायद्याबाहेरच राहिला. तेथे आज सुरेची जागा पुष्कळ ठिकाणी बाजारी यीस्टने घेतली आहे, पण ती अन्य कारणांनी.

असो. निवाडा आम्ही असा दिला की दोष भट्टीचा नाही; मैदा, साखर व सोडा कोरडे एका डब्यात न्यावे, दही-दूध दुसऱ्यात, आणि पाळी आली की तेथेच कालवावे. भट्टीवाल्याने तो तत्काळ मान्य केला. वहिनींनी केला नाही. मात्र पुढल्या रविवारी भट्टीवर दोन डबे गेले.