अर्जातला एक रकाना

१९२२ च्या शरद ऋतूत हार्वर्डच्या प्रवेशअर्जात काही नवे रकाने आले. वंश व वर्ण, धर्म, आईचे माहेरचे नाव, वडिलांचे जन्मस्थान. त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न होता: जन्मानंतर तुमच्या किंवा वडिलांच्या नावात काही बदल झाला आहे काय? असल्यास सविस्तर खुलासा करावा. आडनावावरून माणसाची कुंडली मांडणाऱ्या आपल्या समाजाला या प्रश्नातली मेख समजावून सांगायला नको.

१९०० मध्ये तिथल्या नव्या विद्यार्थ्यांत ज्यू मुले शेकडा ७ होती; १९२२ पर्यंत हे प्रमाण २१ च्या वर गेले. प्रवेश मुख्यतः परीक्षेवर होता आणि पूर्व युरोपातून आलेल्या स्थलांतरितांची मुले ती परीक्षा भराभर उत्तीर्ण होत होती. विद्यापीठाचे अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांना ते खुपू लागले. शेकडा १५ ची मर्यादा घालावी असा त्यांचा मानस. युक्तिवाद असा, की ज्यूंची संख्या वाढली की ज्यूद्वेषही वाढतो, तेव्हा मर्यादा त्यांच्याच हिताची! काळ्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षाच्या वसतिगृहात मज्जाव करणारे लॉवेलही हेच.

१९२३ मध्ये प्राध्यापकांच्या समितीने उघड मर्यादा फेटाळली. मला खरे बोलके वाटते ते त्यानंतरचे. समितीने सुचवले, की दक्षिण व पश्चिमेकडच्या शाळांतली वर्गातल्या वरच्या सातव्या हिश्श्यातली मुले परीक्षेविना घ्यावीत. देशाच्या सर्व भागांतून मुले यावीत, हा हेतू ऐकायला निर्मळ, आणि काहींच्या मनात तो तसा असेलही. पण त्या भागांत ज्यू वस्ती विरळ होती. तरीही १९२५ मध्ये ज्यू मुलांचे प्रमाण २७ च्या घरात पोचले.

मग १९२६ मध्ये नवी रीत आली. पहिल्या वर्षाची संख्या हजारावर बांधली, अर्जासोबत छायाचित्र मागितले आणि निवडीत ‘चारित्र्या’ला वजन दिले. गुण कमी पडले तर मुलगा उत्तरपत्रिकेकडे बोट दाखवू शकतो. चारित्र्य कमी पडले तर कशाकडे दाखवणार? कोटा कागदावर कुठेच नव्हता, पण प्रमाण पुन्हा १५ च्या आसपास उतरले.

हे हार्वर्ड आपल्याला अगदीच परके नाही. गोव्याचे धर्मानंद कोसंबी तिथे ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथावर काम करत होते, आणि त्यांचे चिरंजीव दामोदर १९२९ मध्ये तिथूनच पदवीधर झाले.

‘संपूर्ण व्यक्ती’ पाहून निवड करण्याची ही पद्धत पुढे उलट्या कामी आली. १९७८ च्या बाकी खटल्यात न्यायमूर्ती पॉवेल यांनी हार्वर्डचाच नमुना वाखाणला: आयडाहोतल्या शेतकऱ्याचा मुलगा वर्गात जे आणतो ते बॉस्टनचा आणू शकत नाही, तसेच काळ्या विद्यार्थ्याचे. जे हत्यार वगळण्यासाठी घडले, ते सामावून घेण्यासाठी वापरले गेले. आशियाई वंशाच्या अर्जदारांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या संघटनेने पुढे त्यावरच दावा लावला. त्यांच्या तक्रारीचा रोख ‘व्यक्तिमत्त्वा’साठी मिळणाऱ्या गुणांवर होता, हे १९२६ आठवणाऱ्याला विसरता येत नाही.

२९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वंश पाहून प्रवेश देणे घटनाबाह्य ठरवले. मात्र आपल्या वंशामुळे आयुष्यात काय सोसले, काय कमावले, हे अर्जदाराने निबंधात लिहायला मुभा ठेवली. वंशाच्या रकान्यातली खूण आता निवड करणाऱ्यांच्या नजरेआड राहते. मुले निबंध लिहीत आहेत.