हा पट्टा कुणाचा? हरितलवकातल्या डीएनएच्या मोजणीचा इतिहास

गुलबक्षी आपल्या ओळखीचीच. कार्ल कॉरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने 1909 साली तिच्या चट्टेरी पानांच्या झाडांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. बी ज्या फांदीवर धरलं, तिच्यावर रोपाचा रंग ठरत होता. पराग कुठलाही असो. मेंडेलच्या हिशेबात हे बसेना. मग हा वारसा केंद्रकाबाहेर, हरितलवकात आहे का?

उत्तर मिळायला अर्धशतक लागलं. 1962 साली रिस आणि प्लाउट यांना क्लॅमिडोमोनास या शैवालाच्या हरितलवकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बारीक धागे दिसले. डीएनए पचवणारं विकर वापरलं की ते नाहीसे होत. पुढच्याच वर्षी रूथ सेगर आणि इशिदा यांनी हा डीएनए वेगळा काढला. सीझियम क्लोराइडच्या द्रावणात डीएनए घालून तो प्रचंड वेगाने फिरवला, की प्रत्येक डीएनए आपापल्या घनतेच्या जागी पट्टा धरतो. क्लॅमिडोमोनासच्या केंद्रकातल्या डीएनएमध्ये जी-सी जोड्या सुमारे 64 टक्के, हरितलवकात जेमतेम 35. त्यामुळे पट्टे स्वच्छ वेगळे पडले.

इथेच फसगत झाली. पालकासारख्या वनस्पतींमध्ये दोन्ही डीएनएंची घनता जवळजवळ सारखी, म्हणजे पट्टे एकमेकांवर पडणार. पण बाजूला एक जड पट्टा दिसायचा. काही अभ्यासकांनी तोच हरितलवकाचा मानला. पुढे कळलं, तो तंतुकणिकांचा किंवा जिवाणूंच्या भेसळीचा होता! म्हणजे मोजमाप बरोबर, पण मोजलं दुसऱ्याचंच.

यावरचा उपाय साधा होता. अखंड हरितलवकं त्याच विकरात ठेवायची. बाहेर चिकटलेला डीएनए पचतो, आतला आवरणामुळे वाचतो. वाटाण्यावर असं काम करून कोलोडनर आणि तिवारी यांनी वर्तुळाकार रेणूंची लांबी मोजली. 1986 साली जपानमध्ये तंबाखूच्या हरितलवकाचा पूर्ण क्रम वाचला गेला: सुमारे 1,56,000 जोड्या.

आता पीसीआरने प्रती मोजता येतात. तरी जुना प्रश्न आपली पाठ सोडत नाही. भाताच्या दहाव्या गुणसूत्रावर हरितलवकाच्या डीएनएचा सुमारे 1,31,000 जोड्यांचा तुकडा बसलेला आहे. तो केंद्रकात असूनही पीसीआर त्याला हरितलवकाचाच समजू शकतो. म्हणून आकडा समोर आला, की ‘किती?’च्या आधी आपण विचारायचं: ‘कुणाचा?’