उतरायचे कुठे? माल्टा बेटावरच्या मुक्कामाची गोष्ट

परगावी जायचे ठरले की आपल्या घरांत पहिला प्रश्न निघतो, "उतरायचे कुठे?" पूर्वी याचे उत्तर सोपे असे. इंदूरला मावशी, ग्वाल्हेरला आत्याचे सासर, हैदराबादला कुणाचे तरी मेहुणे. आणि जिथे कुणीच नसेल तिथे महाराष्ट्र मंडळाची खोली. गेल्या वर्षी मंडळातल्या आम्ही चार जोडप्यांनी भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर आठ दिवस जायचे ठरवले, तेव्हा मात्र पंचाईत झाली. तिथे ना मावशी, ना मंडळ.

नकाशा पसरून बसलो. माल्टा बेट जेमतेम 27 किलोमीटर लांब. म्हणजे बडोदा ते भरूच अंतराच्या निम्मेही नाही. शेजारच्या गोझो बेटासह सगळा देश 316 चौरस किलोमीटरचा. एवढ्याशा जागेत मुक्कामाचे गाव निवडायला कितीसा वेळ लागणार? पण तीन रविवार गेले. एकांना समुद्रासमोरचीच खोली हवी, म्हणून स्लीमा किंवा मेल्लीहा. दुसऱ्यांना राजधानी व्हॅलेटा, कारण बसगाड्या तिथूनच सगळीकडे सुटतात. तिसऱ्यांचे गुडघे व्हॅलेटाच्या पायऱ्यांचे फोटो पाहूनच दुखू लागले. चौथ्यांना तटबंदीतले शांत इम्दिना हवे होते. निर्णय होईना, तेव्हा आम्ही या गावांचा इतिहास वाचायला घेतला. वाचता वाचता ध्यानात आले की यादीतले प्रत्येक गाव म्हणजे "राहायचे कुठे?" या प्रश्नाला कुणीतरी कधीतरी दिलेले उत्तर आहे. फरक एवढाच, की आमच्यासाठी हा हौसेचा प्रश्न होता आणि त्यांच्यासाठी जिवाचा.

या बेटाविषयीची एक फार जुनी हकिकत पाहुणचाराचीच आहे. इसवी सनाच्या साधारण 60 व्या वर्षी संत पॉलला कैदी म्हणून रोमला नेणारे जहाज वादळात या किनाऱ्यावर फुटले, असे बायबलमध्ये आले आहे. जहाजावर 276 माणसे होती. बेटावरच्या लोकांनी पावसात कुडकुडणाऱ्या त्या अनोळख्यांसाठी शेकोटी पेटवली आणि पुब्लियस नावाच्या तिथल्या प्रमुखाने तीन दिवस त्यांना आपल्याकडे ठेवून घेतले. माल्टातले लोक ही गोष्ट आजही अभिमानाने सांगतात आणि दर 10 फेब्रुवारीला व्हॅलेटात त्या जहाजफुटीचा उत्सव करतात.

परंतु समुद्रातून येणारा प्रत्येक जण काही पाहुणा नसतो. म्हणूनच बेटाची जुनी राजधानी किनाऱ्यावर नाही. ती बेटाच्या मधोमध, उंचावर आहे. रोमन काळातले तिथले शहर आजच्यापेक्षा बरेच मोठे होते. सन 870 मध्ये अरबांनी बेट घेतले. त्यांच्या काळात शहर आवळून तटाच्या आत घेतले गेले आणि खंदकाबाहेर उरले ते राबात, म्हणजे उपनगर. आतले ते इम्दिना. हे नाव आपल्या ओळखीच्या 'मदिना' या शब्दाचेच रूप, अर्थ शहर. अरबांची सत्ता गेली, पण भाषा राहिली. आजची माल्टी भाषा अरबी कुळातली असून रोमन लिपीत लिहिली जाते. तटाआड आज जेमतेम तीनएकशे माणसे राहतात आणि रहिवाशांखेरीज इतरांच्या मोटारींना तिथे सहसा प्रवेश नाही. आमच्या चौथ्या जोडप्याला हवी असलेली शांतता ती हीच.

समुद्रासमोरच्या खोलीचे म्हणाल, तर आज तिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजावे लागतात. सोळाव्या शतकात मात्र किनाऱ्यावर राहणे म्हणजे संकटाला बोलावणे होते. उत्तर आफ्रिकेकडून येणारे चाचे माणसे धरून नेत आणि गुलाम म्हणून विकत. आज जिथे बेटावरचा सर्वांत मोठा वाळूचा किनारा आहे, त्या मेल्लीहा गावातले लोक याच भीतीने घरे टाकून गेले. गाव पुन्हा वसले ते एकोणिसाव्या शतकात, इंग्रजांच्या अमलात. गोझोवर तर याहून मोठा घाला आला. 1551 च्या जुलैमध्ये द्रागुत आणि सिनान पाशा यांच्या आरमाराने तिथला किल्ला घेतला आणि सुमारे 5,000 माणसे, म्हणजे जवळजवळ सगळे बेट, गुलाम करून नेले. पुढे कित्येक वर्षे गोझोकरांना रात्री किल्ल्याच्या आतच झोपण्याची सक्ती होती. हा कायदा 1637 पर्यंत चालला. दिवसा शेतात, रात्री तटाआड. मग किनाऱ्यावर टेहळणीचे बुरूज बांधले गेले. एका बुरुजावरून दुसरा दिसेल अशा बेताने ते उभारले होते. गलबत दिसले की जाळ करून इशारा पुढे जाई. आज त्याच बुरुजांपाशी लोक सूर्यास्ताचे फोटो काढतात. आम्हीही काढले.

1530 मध्ये बेटावर नवे धनी आले. सेंट जॉनच्या संघाचे हे सरदार योद्धे होते आणि रुग्णसेवकही. ऱ्होड्स बेट तुर्कांनी घेतल्यावर काही वर्षे त्यांना ठिकाणा नव्हता. सम्राट पाचव्या चार्ल्सने त्यांना माल्टा दिले. मोबदला वर्षाला एक बहिरी ससाणा. त्यांच्यापुढेही पहिला प्रश्न हाच होता. राजधानी इम्दिना असली तरी ही माणसे दर्यावर्दी. त्यांनी बंदराकाठचे बिर्गू हे छोटे गाव निवडले. 1565 च्या मे महिन्यात ऑटोमन तुर्कांची प्रचंड सेना उतरली, तेव्हा या निवडीची परीक्षा झाली. बंदराच्या तोंडाशी असलेला सेंट एल्मोचा किल्ला महिनाभर झुंजून पडला. बिर्गू आणि शेजारचे सेंग्लिया मात्र पडले नाही. तटावर सरदारांच्या बरोबरीने हजारो माल्टी माणसे लढली. 8 सप्टेंबरला वेढा उठला. तो दिवस माल्टात आजही राष्ट्रीय सण आहे.

वेढ्यात शिकलेला धडा असा की समोरची उंच टेकडी मोकळी ठेवणे घातक. संघाचे प्रमुख ज्यां दे ला व्हॅलेट यांनी 28 मार्च 1566 रोजी तिथे नव्या शहराची कोनशिला बसवली, म्हणून ते व्हॅलेटा. आराखडा इटलीच्या फ्रान्चेस्को लापारेल्लीचा. बऱ्याच मोठ्या इमारती माल्टाच्याच जिरोलामो कासारच्या. रस्ते सरळ आणि एकमेकांना काटकोनात. गोड्या पाण्याचा तुटवडा म्हणून प्रत्येक घराखाली पावसाच्या पाण्याचे टाके सक्तीचे. टेकडी कापून सपाट करायची होती, पण ते काम पुरे झाले नाही. आमच्या गुडघ्यांना धडकी भरवणाऱ्या पायऱ्यांचे कारण हेच!

या शहरातल्या एका गोष्टीने मात्र आम्हांला थांबवले. युरोपभरातून आलेल्या या सरदारांच्या राहण्या-जेवण्याची सोय भाषेप्रमाणे लावलेली होती. प्रोव्हाँसचे एका वाड्यात, इटलीचे दुसऱ्या, कास्तीलचे तिसऱ्या. या वाड्यांना 'ओबेर्ज' म्हणत, म्हणजे चक्क उतरण्याची जागा. घरापासून दूर, पण पानावर आपले जेवण आणि कानावर आपली बोली. हे वाचून आमच्यातले एक जण म्हणाले, "म्हणजे आपल्या मंडळाची खोलीच की!" सगळे हसले, पण गोष्ट खोटी नव्हती. कास्तीलच्या त्या वाड्यात आज माल्टाच्या पंतप्रधानांचे कार्यालय आहे.

1798 मध्ये नेपोलियनने सरदारांना घालवले. दोन वर्षांत माल्टी लोकांनी इंग्रजांच्या मदतीने फ्रेंचांना घालवले आणि मग इंग्रज राहिले ते 1964 पर्यंत. याच काळात या बेटाचा आपल्याकडच्या माणसांशी संबंध आला. 1878 मध्ये रशिया आणि तुर्कस्तानच्या भांडणात इंग्लंडचे पंतप्रधान डिझरायली यांनी वचक बसवण्यासाठी सुमारे 7,000 हिंदी शिपाई मुंबई बंदरातून सुएझमार्गे माल्टाला धाडले. त्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. उतरायचे कुठे, हे त्यांना कुणी विचारले नव्हते. माल्टाच्या उन्हात तंबू ठोकून ते राहिले. लढाई झालीच नाही. त्यांतल्या काही तुकड्यांना पुढे सायप्रसला नेले. त्या शतकाच्या अखेरीस सिंधी व्यापारीही तिथे पोचले. रेशमी कापड आणि कलाकुसरीच्या वस्तूंची त्यांची दुकाने व्हॅलेटात निघाली आणि काही कुटुंबे तिथलीच होऊन गेली.

निवड उरली नाही अशी आणखी एक वेळ 1940 ते 1942 या काळात आली. इटली आणि जर्मनीच्या विमानांनी या चिमुकल्या बेटावर बाँबचा पाऊस पाडला. गोदीला लागून असलेली बिर्गू, सेंग्लिया आणि बोर्म्ला ही तीन शहरे उद्ध्वस्त झाली. लोक आतल्या गावांकडे पळाले आणि तिथल्या घरांनी दारे उघडली. बाकीच्यांनी चुनखडीच्या खडकात हाताने खोदलेल्या तळघरांत रात्री काढल्या. एप्रिल 1942 मध्ये इंग्लंडच्या राजाने सबंध बेटाला जॉर्ज क्रॉस दिला. त्याचे चित्र आजही माल्टाच्या ध्वजावर आहे.

आणि स्लीमा? ते कोळ्यांचे ठिकाण. एकोणिसाव्या शतकात व्हॅलेटातल्या सुखवस्तू लोकांनी उन्हाळ्यासाठी तिथे घरे बांधली. गावाच्या नावाचा संबंध मेरीमातेला करायच्या वंदनाशी आहे आणि तो शब्द आपल्या 'सलाम'चा सख्खा भाऊ. आता त्या किनाऱ्यावर उंच इमारतींची रांग आहे. 2024 मध्ये माल्टात 35 लाखांहून जास्त पर्यटक आले; देशाची लोकसंख्या मात्र साडेपाच लाखांच्या आसपास. महायुद्धापूर्वी व्हॅलेटात 20,000 हून अधिक लोक राहत. आज उरले आहेत पाच-सहा हजार. कुणी युद्धानंतर गेले, कुणी मोठ्या घरासाठी गेले, आणि अलीकडे जुनी घरे पाहुण्यांच्या खोल्या होत चालल्याने राहणाऱ्यांना भाडी परवडेनाशी झाली. एकेकाळी चाच्यांच्या भीतीने गावे रिकामी होत. आता पाहुण्यांच्या सोयीसाठी होतात. हे वाचताना आम्हांला आपल्या दांडिया बाजारातले बंद वाडे आठवले नसते तरच नवल.

शेवटी आम्ही बिर्गू निवडले. तिथून व्हॅलेटाला बंदर ओलांडून होडीने जाता येते आणि पलीकडे चढ चढायला नको, कारण धक्क्याजवळून वर बागेपर्यंत 58 मीटर उंचीची लिफ्ट आहे. एक अट मात्र सर्वांनी मिळून घातली. घराची मालकीण त्याच घरात राहणारी हवी. पाहुणा यायचा तर यजमान घरात असला पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे.

बाई सत्तरीच्या होत्या, तळमजल्यावर राहत. 1942 मध्ये त्यांच्या आईने लहान मुलगी असताना खडकातल्या तळघरात रात्री काढल्या होत्या. त्यांनी आम्हांला 10 ऑगस्टच्या, गावच्या संत लॉरेन्सच्या उत्सवाचे फोटो दाखवले. पताका, बँड, फटाके आणि खांद्यांवर तोललेली मूर्ती. आम्ही त्यांना फोनवर आपल्या विसर्जनाची मिरवणूक दाखवली. फार समजावून सांगावे लागले नाही.

मग त्यांनी विचारले, तुम्ही मूळचे बडोद्याचेच का? आम्ही सांगितले, नाही, पूर्वज सातारा-रत्नागिरीकडून आले, त्याला दोनशेहून अधिक वर्षे झाली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मग तिथे तुम्ही पाहुणे की घरचे?"

आम्ही चौघीजणी आणि चौघेजण एकमेकांकडे पाहू लागलो. सगळ्यांच्या तोंडी एकदमच आले, "घरचे." पण नंतर रात्री गच्चीवर बसून बोलताना वाटले, हे उत्तर नुसते वर्षे मोजून मिळत नाही. ओबेर्जातले सरदार अडीचशेहून जास्त वर्षे राहिले, पण माल्टी जनतेपासून अलग राहिले. त्यांना जावे लागले तेव्हा फारसे कुणी हळहळले नाही. याउलट, बाँब पडत असताना आतल्या गावांनी ज्यांना घरात घेतले, ती माणसे चार दिवसांत तिथली झाली. आपली भाषा, आपले मंडळ, आपला गणपती हा आपला ओबेर्ज आहे. तो हवाच. पण त्याचे दार गावाकडे उघडे असावे आणि वाड्यात कुणीतरी राहते असावे, म्हणजे उद्या परगावचे कुणी येऊन "उतरायचे कुठे?" म्हणून विचारील, तर "आमच्याकडे या" असे म्हणायला यजमान घरात असेल.

निघताना बाईंना आम्ही बडोद्याचा पत्ता लिहून दिला. या वर्षी गणपतीत त्या येतो म्हणाल्या आहेत. हॉटेल शोधू नका, असे आम्ही त्यांना कळवले आहे.