'भरून पावलो' कोणी म्हणायचे?

जुन्या हिशेबात रक्कम पोचली की सावकार 'भरून पावलो' असे लिहून देई. 'भरपाई' हा शब्द त्याच व्यवहारातला. राज्यसंस्थेने नागरिकाला बेकायदा कोंडून ठेवले, तर तो काय मिळाल्यावर 'भरून पावलो' म्हणेल? आपल्या न्यायालयांनी हा प्रश्न फार काळ टाळला. सार्वभौम सत्तेच्या कामात चूक झाली तर राज्यावर दावा चालत नाही, ही कंपनी सरकारच्या काळातली समजूत स्वातंत्र्यानंतरही टिकली. १९६५ च्या कस्तुरीलाल खटल्यात तर पोलिसांच्या ताब्यातून नाहीसे झालेले सोनेही व्यापाऱ्याला भरून मिळाले नाही. सोन्याची ही गत, मग आयुष्यातल्या वर्षांचे काय?

बिहारमधील रुदुल साह यांना मुजफ्फरपूरच्या सत्र न्यायालयाने ३ जून १९६८ रोजी निर्दोष ठरविले. ते तुरुंगाबाहेर आले १६ ऑक्टोबर १९८२ रोजी. कैदी वेडा होता, असे तुरुंग खात्याचे म्हणणे. ते कोणी, कशावरून ठरविले, याचा आधार मात्र खात्याला दाखविता आला नाही. शिवाय त्यांची प्रकृती ठीक असल्याचे १९७७ मध्येच सरकारला कळविलेले होते! साहित्याच्या वर्गात आपण निवेदकाच्या विश्वसनीयतेची चर्चा करतो. त्या वर्गात हे प्रतिज्ञापत्र एकदा वाचावे, असे आम्हांला वाटते.

१ ऑगस्ट १९८३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत हक्कांच्या अर्जावरच भरपाई देवविली. आधीच्या पाच हजारांवर आणखी तीस हजार. म्हणजे दिवसाला सात रुपयांहूनही कमी. ही रक्कम तात्पुरती आहे, पुरत्या नुकसानीसाठी दिवाणी दावा लावण्याची वाट मोकळी आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पण चौदा वर्षे हरवलेल्या माणसाने पुन्हा दिवाणी न्यायालयाच्या खेपा घालायच्या!

निकाल लिहिणारे सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड, जन्माने पुणेकर. आणीबाणीत, १९७६ साली, स्थानबद्धाला सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, असे म्हणणाऱ्या चौघांत तेही होते. १९८३ च्या निकालाला प्रायश्चित्त म्हणण्याचा मोह होतो. आम्ही तो आवरतो, कारण न्यायमूर्तींचे मन हा आमचा पुरावा नव्हे.

१९९३ मध्ये, ओडिशातील कोठडीमृत्यूच्या नीलाबती बेहेरा खटल्यात, सार्वभौमत्वाची ती ढाल मूलभूत हक्कांपुढे चालणार नाही, असे न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले. त्याआधी, १९८५ मध्ये, जम्मू-काश्मीरचे आमदार भीमसिंग यांना बेकायदा अटकेबद्दल पन्नास हजार रुपये मिळाले होते. त्यांची अटक काही दिवसांची होती.